कुठला आदिलाबाद, कुठले पगडी?

आदिलाबाद जिल्ह्यावर शोधनिबंध लिहायला बसलेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती एका ऑस्ट्रियन आडनावाशी. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ते नाव. गेल्या शतकाच्या चाळिशीत हा मानववंशशास्त्रज्ञ इथल्या राजगोंडांमध्ये येऊन राहिला, मारलवाई गावात त्याने मुक्काम ठोकला आणि १९४८ साली लंडनच्या मॅकमिलनने त्याचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ काढला. गोंडांवरचा कुठलाही निबंध त्याला ओलांडून पुढे जात नाही. पण संदर्भसूचीत त्याला बसवायचं कुठे? आमची मुलं त्याला ‘हायमेनडॉर्फ’ म्हणून एच अक्षराखाली घालतात, काही जण ‘क्रिस्टोफ’ म्हणून सी खाली. तो मधला ‘फॉन’ बहुतेकांच्या सूचीतून गायबच असतो. रोमन लिपीत त्याच्या आडनावातल्या यू अक्षरावर दोन टिंबं असतात, तीही टायपिंगमध्ये गळतात. एकाच निबंधात हा गृहस्थ तीन ठिकाणी तीन वेगळे लेखक म्हणून उभा असलेला मी पाहिला आहे.

मी इथल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. निजामकाळातल्या जंगल आणि जमिनीच्या व्यवहारांवरचा माझा एक निबंध एका नियतकालिकाकडून परत आला. वर एकच ओळ होती: संदर्भ शैलीनुसार करून पाठवावेत. मला वाटलं, स्वल्पविराम आणि तिरके टाइप इकडचे तिकडे झाले असतील, एका बैठकीत उरकेल. फाइल उघडली तर कडेला प्रश्नच प्रश्न. हे पगडी आणि पुढच्या पानावरचे राव एकच आहेत का? आदिलाबाद म्हणजे २०१६च्या आधीचं की नंतरचं? १३५९ हे साल कुठलं? ही हकीकत सांगणारा माणूस कोण, कुठल्या गावचा? स्वल्पविरामाबद्दल अवाक्षर नव्हतं. त्या अंकात निबंध गेला नाही, पुढच्यात गेला. पण त्या प्रश्नांची उत्तरं शोधताना जे कळलं ते आता मी दर वर्षी एम.ए.च्या आणि पीएच.डी.च्या मुलांना सांगतो. तेच इथे लिहितो आहे.

आधी शैली कुठली, हे ठरवून टाका, कारण त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची एपीए चालते. साहित्याच्या विभागांत मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची एमएलए चालते. इतिहासवाल्यांना शिकागोची तळटिपांची पद्धत सोयीची पडते आणि दवाखान्यातले लोक व्हँकुव्हरचे आकडे घालतात. नियतकालिकाने जी सांगितली ती पाळायची, वाद घालायचा नाही. फक्त आवृत्ती विचारून घ्या. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ साली आली, एमएलएची नववी २०२१मध्ये आणि शिकागोची अठरावी २०२४मध्ये. विभागात वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलेली मार्गदर्शक पानं मात्र जुन्याच आवृत्तीची असतात. त्यात प्रकाशनाचं गाव लिहा म्हणून सांगितलेलं असतं. एपीएने सातव्या आवृत्तीत ते गाव काढून टाकलं, एमएलएने त्याआधीच काढलं होतं आणि शिकागोनेही आता त्याचा आग्रह सोडला आहे. तीन किंवा अधिक लेखक असतील तर एपीएत आता पहिल्याच उल्लेखात एक नाव देऊन पुढे ‘आणि इतर’ म्हणायचं असतं. जुन्या पानात सगळी नावं लिहायला सांगितलेली असतात. गाईड जुनं पान धरून बसतात, संपादक नवं पुस्तक धरून बसतो आणि मधल्या मधे विद्यार्थी सूची पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो. पहिल्याच मेलमध्ये ‘कितवी आवृत्ती?’ एवढं विचारलं की हा सगळा ताप वाचतो.

आता नावांकडे येऊ. आदिलाबादवर काम करणाऱ्याला खरा घाम फुटतो तो इथे.

हायमेनडॉर्फचं उत्तर तसं सोपं आहे. एपीएच्या रीतीने चाललात तर ‘फॉन’ आडनावाला चिकटून पुढे राहतो आणि नोंद व्ही अक्षराखाली जाते. एमएलए, शिकागो आणि ग्रंथालयांचे कॅटलॉग ‘फ्युरर-हायमेनडॉर्फ, क्रिस्टोफ फॉन’ असं लिहितात, म्हणजे एफ खाली. एकटं ‘हायमेनडॉर्फ’ लिहायची पद्धत आपल्याकडच्या व्याख्यानांतून आली आहे. बोलताना ती चालते, सूचीत चालत नाही. दुसरी गोम त्याच्या ग्रंथाच्या क्रमांकात आहे. ‘द अ‍ॅबॉरिजिनल ट्राइब्ज ऑफ हैदराबाद’ या मालेचा हा तिसरा खंड, आणि मुखपृष्ठावर पुन्हा ‘बुक वन’ असंही आहे. चेंचूंवरचा पहिला खंड १९४३चा, रेड्डींवरचा दुसरा १९४५चा. कुणी या ग्रंथाला ‘खंड १’ लिहितं, कुणी ‘खंड ३’, आणि वाचणारा ग्रंथालयात जाऊन नसलेला खंड मागत बसतो. मालेचं नाव आणि खंड एकीकडे, ग्रंथाचं नाव आणि भाग दुसरीकडे, असं तोडून लिहिलं की कुणाची फसगत होत नाही.

सेतुमाधवराव पगडींचं प्रकरण अधिक अवघड, कारण ते आपले. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतले अधिकारी, गोंडी शिकलेले, पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक. ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक इथल्या अभ्यासकाला हाताशी लागतंच. मराठी पुस्तकांवर ते ‘सेतुमाधवराव पगडी’ असतात. ‘एटीन्थ सेंच्युरी डेक्कन’ या १९६३च्या इंग्रजी पुस्तकावर त्यांचं नाव ‘पी. सेतू माधव राव’ असं आहे. म्हणजे पगडी आडनाव एका अक्षरात आकसून पुढे गेलं आणि ‘राव’ शेवटी उरलं. शैलीचं पुस्तक सांगतं, शेवटचा शब्द आडनाव समजा. संगणक ते निमूट ऐकतो आणि पगडींची नोंद ‘राव, पी. एस. एम.’ अशी करून मोकळा होतो. मराठी वाचकाला कळतच नाही की हे आपले पगडी. माझा उपाय साधा आहे: सूचीत सगळी पुस्तकं ‘पगडी’खाली एकत्र ठेवायची, आणि ज्या पुस्तकावर नाव वेगळं छापलं आहे तिथे ते छापील रूप चौकटी कंसात द्यायचं. काही संपादक कुरकुर करतात. करू द्यावी.

हा ‘राव’ एकट्या पगडींना छळतो असं नाही. तेलुगू माणसाचं घराण्याचं नाव पुढे असतं आणि बहुतेक वेळा त्याचं नुसतं आद्याक्षर छापतात. के. चंद्रशेखर राव यांतला ‘के’ म्हणजे कल्वकुंटला, तेच घराण्याचं नाव. आपल्या हातातलं सॉफ्टवेअर मात्र ‘राव’ला आडनाव मानून तेलंगणातल्या निम्म्या विद्वानांना एका ओळीत उभं करतं. मग कंसात ‘राव, २००५’ लिहिलं की कुठले राव, हे देवालाही सांगता येत नाही. एपीएमध्ये अशा वेळी आडनावाआधी आद्याक्षरं घालायला परवानगी आहे, ती इथे मनमुराद वापरा. गोंड नावांचंही असंच: गोंडांचे हुतात्मा नेते कुमरम भीम यांच्या नावातलं कुमरम हे कुळाचं नाव आहे. ‘भीम, के.’ अशी नोंद एका चांगल्या इंग्रजी पेपरात वाचून मला हसू आलं होतं. मेसराम, आत्राम, सिडाम, तोडसाम, पेंदूर ही कुळनावं कधी पुढे येतात, कधी मागे. गावात विचारल्याशिवाय ठरवू नका. शिवाय एकच कुळनाव तेलंगणाच्या कागदांत एका स्पेलिंगने येतं आणि पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ-चंद्रपूरच्या कागदांत दुसऱ्या. मेसराम आणि मेश्राम यांचा शोध दोन्हीकडून घ्यावा लागतो.

मराठी सूचीत याहून बाळबोध घोळ होतो तो ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’चा. वर्डमध्ये सूची वर्णानुक्रमे लावायचं बटण दाबलं की सगळे डॉक्टर ‘ड’खाली गोळा होतात आणि प्राध्यापक ‘प’खाली. कुठल्याही शैलीत पदव्या सूचीत लिहीत नाहीत. त्या आभारात लिहा, तिथे त्या शोभतात. वर्णानुक्रमाचा आणखी एक चकवा म्हणजे क्ष आणि ज्ञ. आपण शाळेत ही अक्षरं वर्णमालेच्या शेवटी शिकलो. संगणक क्षीरसागरांना ‘क’मध्ये आणि ज्ञानेश्वरांना ‘ज’मध्ये घालतो. दोन्ही रीती मान्य आहेत, पण एकाच सूचीत दोन्ही नकोत.

आता साल. माझ्या निबंधातल्या १३५९वर संपादकाने बोट ठेवलं ते योग्यच होतं, कारण निजामाच्या राज्यात कागदोपत्री फसली सन चाले आणि तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदले. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला फसलीत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९१. हे बोटावर मोजून कळत नाही, उदाहरणाने कळतं. जहागिरी नष्ट करणारा हैदराबादचा कायदा १३५८ फसलीचा, तारीख १५ ऑगस्ट १९४९. आदिवासी क्षेत्रांचा कायदा, ज्याचं नाव आदिलाबादवरच्या प्रत्येक प्रबंधात येतं, तो १३५९ फसलीचा आणि तो आला १९४९च्याच अखेरीस. फसली सालं दोन, इसवी साल एक. सरसकट ५९० मिळवणारा पहिल्या कायद्याला १९४८मध्ये नेतो, म्हणजे तो हैदराबादवरच्या पोलीस कारवाईच्या वर्षात जाऊन पडतो आणि सगळा युक्तिवाद कोसळतो. सूचीत दोन्ही सालं लिहावीत: आधी कागदावरचं, मग चौकटी कंसात इसवी. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं, तिथेही हेच करावं. वर्षाच्या बहुतेक भागाला ७८ मिळवून भागतं, पौषापासूनच्या तारखा मात्र तपासून घ्याव्यात.

तिथी हा आणखी एक पेच. कुमरम भीमांच्या हौतात्म्याचा स्मरणदिन जोडेघाटला आश्विन पौर्णिमेला पाळतात, म्हणजे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. १९४० हे साल ठाम आहे. पण तारीख लिहिताना कुणी सप्टेंबर लिहितो, कुणी ऑक्टोबर. अशा जागी तारीख लिहून मोकळं होऊ नये, ती कोणाकडून घेतली ते तिथल्या तिथे सांगावं. इंद्रवेल्लीचंही तसंच आहे. २० एप्रिल १९८१ रोजी तिथे गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे, नागरी हक्क संघटनांचे आकडे त्याच्या कितीतरी पट आहेत. एका विद्यार्थ्याने एक आकडा लिहून शेवटी कंसात चार संदर्भ ठोकले होते आणि ते चारही वेगवेगळा आकडा सांगत होते! संदर्भ वाक्याच्या शेवटी सजावटीसाठी नसतो. कुठला आकडा कोणाचा, हे वाक्यातच यावं, आणि ज्याचा आकडा त्याचाच संदर्भ त्याच्या शेजारी बसावा.

तिसरा प्रश्न जिल्ह्याचा. ११ ऑक्टोबर २०१६ला जुन्या आदिलाबादचे चार तुकडे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. हायमेनडॉर्फचं मारलवाई आज आसिफाबाद जिल्ह्यात आहे, जोडेघाटही तिकडेच. इंद्रवेल्ली, केसलापूरची नागोबा जत्रा, नारनूर, उटनूर हे सगळं आदिलाबादमध्ये राहिलं. २०११च्या जनगणनेत आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सत्तावीस लाखांवर आहे. आजच्या हद्दीतल्या गावांची त्याच जनगणनेतली बेरीज सात लाखांच्या आसपास येते. ‘आदिलाबाद जिल्हा, जनगणना २०११’ एवढाच संदर्भ दिला तर वाचकाने कुठला आकडा धरायचा? मी आता पहिल्याच तळटिपेत लिहून टाकतो की या निबंधात आदिलाबाद म्हणजे २०१६पूर्वीचा जिल्हा, आणि गावाच्या नावापुढे आजचं मंडल आणि जिल्हा देतो. एवढ्या एका तळटिपेने पुढची कितीतरी भांडणं मिटतात.

इथे उत्साही मुलं उलट दिशेला चूक करतात. हायमेनडॉर्फ पतिपत्नींचं १९७९चं पुस्तक आहे ‘द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश’. एका मुलीने सूचीत ते ‘द गोंड्स ऑफ तेलंगणा’ असं केलं होतं. विचारलं तर म्हणाली, “सर, आता आपण तेलंगणात आहोत ना!” तिचा अभिमान मला पटला, दुरुस्ती पटली नाही. छापील नावाला हात लावायचा नाही, ते कितीही जुनं झालं तरी. संस्थांच्या नावांनाही हाच नियम. हैदराबादला तारनाक्याला जे दफ्तर आहे ते आधी आंध्र प्रदेशचं राज्य अभिलेखागार होतं, आज तेलंगणाचं आहे. तुम्ही ज्या वर्षी फाइल पाहिली त्या वर्षीचं नाव लिहा आणि पहिल्या उल्लेखात दुसरं नाव जोडा.

दफ्तराचा विषय निघालाच आहे तर शैलीच्या पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट सांगतो. निजामकाळातल्या फाइलीचा पत्ता चार पायऱ्यांचा असतो: इन्स्टॉलमेंट, लिस्ट, सीरियल आणि फाइल नंबर. यातली एक पायरी गळली तरी ती फाइल पुन्हा मिळत नाही, तुम्हालाही नाही. एपीएच्या चौकटीत हे नीट मावत नाही. म्हणून इतिहासवाल्यांनी शक्य असेल तिथे शिकागोच्या तळटिपा घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सूचीचे अप्रकाशित आणि प्रकाशित असे भाग पाडायची मुभाही आहे. एपीएला सगळे संदर्भ एकाच ओळीत लागतात; मराठी प्रबंधांत आपण मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, तेलुगू ग्रंथ, नियतकालिके अशा ज्या वेगळ्या याद्या करतो त्या तिला चालत नाहीत. आणि इंग्रजी निबंधात मराठी किंवा तेलुगू पुस्तक द्यायचं झालं तर एपीएनुसार नाव रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे लिहून पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यावा लागतो. नुसता इंग्रजी अर्थ देऊन मूळ नाव गाळलं की ते पुस्तक कुणालाच सापडणार नाही. आमच्या भागातले निबंध मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांतल्या कागदांवर उभे असतात, त्यामुळे हा नियम पाठ असायला हवा.

लिपीवरून गुंजाळ्याची आठवण झाली. नारनूर मंडलातल्या या गावात गोंडी लिपीतल्या हस्तलिखित पोथ्या मिळाल्या, आणि ती ‘गुंजाळा गोंडी’ लिपी २०१८मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत दाखलही झाली. म्हणजे एका छोट्या गोंड गावाची लिपी जगातल्या संगणकांत जाऊन बसली, आणि आमच्या शहरातली डीटीपी सेंटरं मात्र अजून जुन्या फॉन्टांवर मराठी टाइप करतात. त्या फाइलीत जे ‘क’ दिसतं ते संगणकाच्या लेखी एखादं इंग्रजी चिन्ह असतं. फॉन्ट बदलला की सूचीचा चुराडा होतो, विसर्गाचे अपूर्णविराम होतात, कंस उलटतात. साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्या फाइलीत मराठी दिसत नाही, नुसता चिन्हांचा ढिगारा दिसतो. टायपिंगवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, युनिकोडमध्ये कर. तो म्हणेल, “सर, शेवटी कन्व्हर्ट करून देतो.” ऐकू नका.

वर्डवाल्यांना दुसरी सूचना ‘तत्रैव’बद्दल. मराठी संशोधनात तत्रैव आणि उपरोक्तची जुनी परंपरा आहे, पण ती छापखान्यात पानं पक्की झाल्यावर लिहायच्या काळातली. आज निबंधात शेवटच्या दिवसापर्यंत परिच्छेद वरखाली होत असतात. मधे एक नवी तळटीप घातली की तिच्याखालचं ‘तत्रैव’ पगडींवरून उठून हायमेनडॉर्फवर जाऊन बसतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शिकागोनेही २०१७पासून लॅटिन ‘इबिद’ऐवजी लेखकाचं आडनाव आणि छोटं शीर्षक देण्याला पसंती दिली आहे. तेच करा, दोन शब्द जास्त पडतील, पण चुकीच्या माणसाच्या तोंडी चुकीचं वाक्य जाणार नाही.

झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, मी स्वतः वापरतो. त्यात एकदा नीट भरलेली नोंद शैली बदलली तरी नव्या रूपात बाहेर येते, हा मोठा फायदा. पण ‘नीट भरलेली’ यावर सगळं आहे. वेबसाइटवरून ओढलेली माहिती तशीच ठेवली की पगडींचे राव होतात, ते वर सांगितलंच. नोंद घेतल्यावर पुस्तकाचं चौथं पान, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती आणि साल असलेलं पान, शेजारी धरून ताडून पाहावं. पुनर्मुद्रण असेल तर मूळ साल आणि हातातल्या प्रतीचं साल ही दोन्ही टिपून ठेवावीत, कारण पानांचे क्रमांक हातातल्या प्रतीचे असतात.

चॅटबॉटला मात्र संदर्भ विचारू नका. तो नकार देत नाही, हीच अडचण. गोंडांच्या पेन म्हणजे देवांच्या पूजेवर पुस्तकं सांग म्हटलं की खरा वाटणारा लेखक, खरं वाटणारं नाव आणि खरं वाटणारं साल घालून यादी देतो, आणि त्यातलं एखादं पुस्तक जन्मालाच आलेलं नसतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी अशाच बनावट निवाड्यांचे दाखले न्यायालयात दिले; न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. आपल्याकडे विद्यापीठ दंड करणार नाही कदाचित, पण गेलेलं नाव परत मिळत नाही.

साहित्यचौर्याच्या नियमांबद्दल मुलांमध्ये फार भीती आहे आणि माहिती कमी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत, मग साठ टक्क्यांपर्यंत आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत. मोजणीतून संदर्भसूची, आभार, अनुक्रमणिका आणि नीट श्रेय दिलेली अवतरणं वगळायची असतात. म्हणजे अवतरणचिन्ह आणि पृष्ठ क्रमांक घालून घेतलेला उतारा तुम्हाला गोत्यात आणत नाही, तोच उतारा शब्द फिरवून बिनसंदर्भ घातला तर आणतो. ‘साम्य कमी करून देतो’ म्हणून पैसे घेणारे लोक नेमकं हेच करतात: शब्द फिरवतात आणि संदर्भ उडवतात. त्यांच्या दारात जाऊ नका. ‘यूजीसी केअर’च्या यादीतल्या नियतकालिकात छापून देतो म्हणणाऱ्यांच्याही नको, ती यादी यूजीसीने २०२५च्या फेब्रुवारीत बंद केली आहे आणि तिच्या नावावर पैसे मागणं अजून चालूच आहे.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला शैलीच्या पुस्तकात धड उत्तर नाही. हकीकत सांगणारा माणूस कोण? आदिलाबादचा अर्धा इतिहास कागदावर नाही. तो गोंडांचे भाट असलेल्या परधानांच्या गाण्यात आहे, नागोबाच्या जत्रेला जमलेल्या मेसराम कुळाच्या वृद्धांच्या बोलण्यात आहे. हायमेनडॉर्फचा १९४८चा ग्रंथही परधानांनी सांगितलेल्या कथांवर उभा आहे. एपीएच्या हिशेबात ध्वनिमुद्रण किंवा छापील नोंद नसलेली मुलाखत म्हणजे ‘वैयक्तिक संवाद’. तिचा उल्लेख मजकुरात कंसात करायचा, सूचीत तिला जागा नाही, कारण वाचकाला ती पुन्हा मिळवता येत नाही. नियमामागचं कारण कळतं. पण परिणाम असा होतो की त्याच कथेसाठी ऑस्ट्रियन विद्वान सूचीत असतो आणि ती सांगणारा उटनूरचा म्हातारा नसतो. एपीएच्या सातव्या आवृत्तीने आदिवासी समाजांच्या मौखिक परंपरेसाठी थोडी वाट काढली आहे: सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याचा समाज, त्याचं गाव आणि तारीख मजकुरात द्यायला सांगितली आहे. एमएलएत मुलाखत थेट सूचीत घालता येते. शिकागोत तळटीप देता येते. यांपैकी काहीच जमत नसेल तर निबंधाच्या शेवटी ‘मौखिक साधने’ असा वेगळा भाग करून संपादकाला विचारा. मराठी संपादक सहसा नाही म्हणत नाहीत. मी केला, चालला.

मात्र नाव छापण्याआधी त्या माणसाला विचारायचं. जमिनीच्या वादाबद्दल, वनखात्याबद्दल, १९८१च्या गोळीबाराबद्दल कुणी मोकळेपणाने बोललं असेल तर त्याचं नाव छापणं त्याला महागात पडू शकतं. तो नको म्हणाला तर गाव आणि वर्ष द्यावं, नाव देऊ नये आणि निबंधात तसं स्पष्ट लिहावं.

बेला, जैनथ, नारनूर, उटनूरकडची जी मुलंमुली आत्ता प्रबंधाला लागली आहेत त्यांना माझी एवढीच विनंती. मुलाखत घेतली त्याच संध्याकाळी वहीत सांगणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं तसं लिहा, कुळनाव कुठलं ते विचारून लिहा, गाव, मंडल, आजचा जिल्हा आणि तारीख लिहा, छापायला त्याची हो आहे की नाही ते लिहा. पुस्तक चाळलं की चौथ्या पानाचा फोटो काढा, फाइल पाहिली की चारही पायऱ्यांचा पत्ता उतरवा. स्वल्पविराम शेवटच्या रात्रीही लावता येतात.